सौरवात : सूर्याच्या किरीटाची वार्ता



चैत्र-वैशाखात आपल्या भद्रावतीत वारा कोठून आला हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही. ताडोब्याच्या बाजूच्या जंगलावरून आलेली पहाटेची झुळूक मोहाच्या फुलांचा जड, गोडसर वास घेऊन येते. माजरीच्या बाजूने वारा सुटला तर कोळशाची बारीक काळी धूळ ओट्यावर बसते. वारा स्वतः डोळ्यांना दिसत नाही. पण ज्या मुलुखावरून तो आला, त्या मुलुखाची खूण तो बरोबर आणतो आणि आपण ती न शिकता वाचतो.

आज मी आपणांपुढे एका निराळ्या वाऱ्याविषयी बोलणार आहे. तो सूर्यावरून सुटतो, पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर दोन ते पाच दिवसांत तोडतो आणि पृथ्वीला वळसा घालून पुढे जातो. शास्त्रज्ञ त्याला सौरवात म्हणतात. हा वारा म्हणजे हवा नव्हे. मुख्यतः हायड्रोजनच्या अणूंचे फुटून झालेले विद्युत्भारित कण, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, त्यांच्या जोडीला थोडे हेलियम आणि अगदी अल्प प्रमाणात ऑक्सिजन, कार्बन, लोह यांचे कण, एवढाच त्याचा ऐवज. पृथ्वीजवळ तो इतका विरळ असतो, की साखरेच्या एका चौकोनी खड्याएवढ्या जागेत त्याचे पाचदहाच कण सापडतात. अशा या जवळजवळ नसल्यासारख्या वाऱ्यावरून सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाची स्थिती कशी ओळखता येते, आणि ती ओळखून आपल्याला काय करायचे आहे, हा आजचा विषय.

प्रथम ते वातावरण म्हणजे काय ते पाहू. रोज आपल्याला दिसतो तो सूर्याचा लखलखीत गोल. त्याचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस. या गोलाभोवती लाखो किलोमीटर पसरलेला एक विरळ, मोतिया रंगाचा प्रभावलय असतो. इंग्रजीत त्याला करोना म्हणतात; आपण किरीट म्हणू. त्याचे तेज मूळ गोलाच्या तेजाच्या सुमारे दहा लाखांश. त्यामुळे एरवी तो दिसणे अशक्य. खग्रास सूर्यग्रहणात चंद्र मधला गोल पुरता झाकतो, तेव्हाच तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि तोही दोनचार मिनिटे.

असे एक ग्रहण आपल्या विदर्भावरून गेले आहे. २२ जानेवारी १८९८ या दिवशी चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि महाराष्ट्र तिरका ओलांडून ईशान्येकडे गेली. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर यांची मंडळी दुर्बिणी मांडून बसली होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर स्टेशनाजवळ पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही तेथेच होते. आपल्याकडे पुलगावास एक तुकडी होती. आणि तिच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात गेल्यावर लागणाऱ्या तळणी या लहानशा स्टेशनाजवळ आणखी एक. आपले भांदक छायेच्या पट्ट्याच्या आग्नेयेस, बाहेर राहिले. येथे सूर्य बराचसा झाकला गेला, पण पुरता नाही. म्हणून किरीट येथून दिसला नाही. तळणीला तो सुमारे दोन मिनिटे दिसला.

त्या तळणीच्या तुकडीत ग्रीनिच वेधशाळेचे एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हे जोडपे होते. ॲनीबाई स्वतः ग्रीनिचला गणिताचे आणि वेधाचे काम करीत. १८९५ साली लग्न झाल्यावर त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. तळणीला त्यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा स्वतःचा कॅमेरा लावला. मोठमोठ्या दुर्बिणींना जे साधले नाही ते त्या लहान भिंगाने साधले. त्यांच्या काचेवर किरीटाची एक शलाका उमटली. सूर्याच्या काठापासून ती जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेली होती. इतकी लांब शलाका तोवर कोणाच्याही छायाचित्रात आलेली नव्हती.

सूर्याच्या वातावरणातले काहीतरी इतके दूर, एका रेषेत, कशाने ओढल्यासारखे का जावे, हा प्रश्न त्या काचेने विचारला. त्याचे उत्तर मिळण्यास साठ वर्षे लागली.

त्याआधी एक दुसरे कोडे सुटावे लागले. किरीटाच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा १८६९ पासून दिसत होती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती. तेव्हा सूर्यावर एखादे नवेच द्रव्य असावे असे मानून शास्त्रज्ञांनी त्याचे नावही ठेवून टाकले : कोरोनियम. पुढे १९३९ ते १९४३ च्या दरम्यान जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांच्या अभ्यासातून उलगडा झाला, की हे नवे द्रव्य वगैरे काही नसून आपले साधे लोखंड आहे. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे १३, गळून पडलेले लोखंड ही हिरवी रेषा देते. पण अणूचे इतके इलेक्ट्रॉन झडायचे तर तापमान काही हजार अंश असून भागत नाही. दहावीस लाख अंश लागते. म्हणजे साडेपाच हजार अंशांच्या गोलाभोवती दहावीस लाख अंशांचे वातावरण! चुलीपेक्षा चुलीवरची हवा शेकडो पटींनी तापलेली असावी, तसा हा प्रकार. ही उष्णता वर कशी पोचते याचा संपूर्ण निर्णय अजूनही झालेला नाही. गोलाच्या पृष्ठाखाली होणाऱ्या खळबळीतून चुंबकीय क्षेत्रामार्फत ती जाते, एवढे मात्र सर्वांस मान्य आहे.

येथून पुढचा विचार अमेरिकेतील युजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने केला. धूमकेतूंची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला वळलेली असते. त्यावरून सूर्याकडून कणांचा प्रवाह अखंड येत असला पाहिजे, असे १९५१ साली लुडविग बीरमान यांनी दाखविले होते. पार्कर यांनी त्याचे कारण सांगितले. इतके तापलेले वातावरण सूर्याचे गुरुत्वाकर्षणही कायमचे धरून ठेवू शकणार नाही. आधण आलेले दूध जसे भांड्याच्या काठावरून उतू जाते, तसा किरीट सर्व बाजूंनी सतत उतू जात असला पाहिजे, आणि दूर जाता जाता त्याचा वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर झाला पाहिजे. १९५८ सालच्या या निबंधावर परीक्षकांनी प्रतिकूल मत दिले. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही फारशी पटलेली नव्हती; पण गणितात चूक सापडत नाही, मग नाकारायचे कशाच्या बळावर, असा त्यांचा न्याय. त्यांनी तो निबंध छापला. पुढच्याच वर्षी रशियन यानांना या प्रवाहाची चाहूल लागली, आणि १९६२ साली शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या अमेरिकन यानाने महिनोन् महिने तो वारा मोजला. तो कधीच थांबला नाही. आजच्या हिशेबाने सूर्य दर सेकंदास दहावीस लाख टन द्रव्य या वाऱ्यात गमावतो. सूर्याच्या भांडारातून हे कमी झालेले कळतही नाही, ही गोष्ट वेगळी.

तात्पर्य, सौरवात म्हणजे सूर्यावरून आलेली कोणी तिऱ्हाईत वस्तू नव्हे. तो पसरत पसरत आपल्यापर्यंत आलेला किरीटच होय. तेव्हा किरीट ज्या स्थितीत असेल तिची खूण त्याच्यावर असणारच. ती खूण चार गोष्टींत वाचता येते. त्या एकेक घेऊ.

पहिली खूण वेगाची. मरिनर-२ ला असे दिसले, की वारा एकसारखा नाही. कधी तो सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटर वेगाने मंद वाहतो, कधी ७०० ते ८०० किलोमीटर वेगाचा जोरदार झोत येतो. आणि तोच झोत सुमारे २७ दिवसांनी पुन्हा हजर होतो. पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती सुमारे २७ दिवसांतच फिरतो. आता तळणीच्या माँडरांची आठवण करा. ग्रीनिचच्या होकायंत्रांच्या नोंदी तपासून त्यांनी १९०४ सालीच दाखविले होते, की पृथ्वीवरील चुंबकीय वादळे २७ दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा येतात. अर्थात सूर्याच्या विवक्षित भागातून अरुंद झोत निघत असला पाहिजे आणि सूर्याबरोबर तोही फिरत असला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. किरीटाच्या लांब शलाकांशी या झोतांचे नाते असावे, असे त्यांना वाटे.

हे फिरणे कसे होते ते समजण्यास दिवाळीतले भुईचक्र डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक ठिणगी सरळ बाहेर पडते. पण चक्र फिरत असल्यामुळे ठिणग्यांची रांग वळणदार दिसते. सौरवाताचेही तसेच. कण सरळ बाहेर येतात, पण एका जागेवरून निघालेल्या कणांची माळ वक्र होते. त्यामुळे आज पृथ्वीवर आलेला जोरदार झोत सूर्याच्या कोणत्या भागातून दोनतीन दिवसांपूर्वी निघाला, हे मागे हिशेब करून काढता येते.

तो भाग कसला असतो? १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकातून किरीटाची क्षकिरणांतली चित्रे घेतली गेली, तेव्हा ते स्पष्ट झाले. किरीटात काही ठिकाणी मोठमोठे काळोखे भाग दिसतात. त्यांना किरीटछिद्रे म्हणू. सूर्याच्या पृष्ठातून निघणाऱ्या चुंबकीय रेषा बहुतेक ठिकाणी कमानीसारख्या वळून परत पृष्ठात शिरतात. विद्युत्भारित वायूला या रेषा ओलांडून जाता येत नाही. तो कमानीत कोंडून राहतो, दाट होतो आणि चकाकतो. परंतु छिद्रांच्या ठिकाणी रेषा परत न वळता सरळ अवकाशात जातात. जणू वाड्याचा दरवाजा सताड उघडा! तेथील वायू झपाट्याने निघून जातो, मागे फारसा उरत नाही, म्हणून तो भाग काळोखा दिसतो. जोरदार झोत येतो तो येथूनच. मंद वारा येतो तो कमानींच्या पट्ट्यातून, म्हणजे ज्याच्या टोकाला तळणीच्या चित्रासारख्या लांब शलाका असतात त्या भागाच्या आसपासून.

दुसरी खूण तापमानाची, आणि माझ्या मते ही सर्वांत नवलाची. सौरवात वाटेत पसरतो आणि निवतो. पृथ्वीपाशी आलेल्या वाऱ्याचे तापमान मोजून किरीटाचे तापमान कळणार नाही. मग काय करावे?

हे भद्रावतीकरांस समजावून सांगणे सोपे आहे. हे कुंभारकामाचे गाव. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघामुळे येथील मातीकामाचे नाव दूरवर गेले. आव्यातून काढून निवलेले मडके जाणत्या माणसाच्या हाती द्या. मडके गार असते. त्याला हात लावून आव्याचा ताव कळत नाही. पण तो बोटाने टिचकी मारतो, आवाज ऐकतो, रंग पाहतो आणि सांगतो, की हे नीट भाजले आहे की कच्चे राहिले. कारण मातीत भाजताना जो बदल झाला तो निवल्यावर उलटत नाही. मडके म्हणजे आव्याच्या तावाची कायमची नोंद होय.

सौरवातातील ऑक्सिजनचे कण ही अशीच मडकी आहेत. ऑक्सिजनच्या अणूत आठ इलेक्ट्रॉन असतात. किरीटाच्या उष्णतेत कोणाचे सहा गळतात, कोणाचे सात. ताव जितका अधिक, तितके सात गळालेले जास्त. दाट किरीटात ही देवघेव चालू असते. इलेक्ट्रॉन धडकून झडतात आणि पुन्हा चिकटतात. पण वारा सुटून वर चढला, की वायू भराभर विरळ होतो. सूर्याच्या पृष्ठापासून एकदोन त्रिज्यांच्या आतच अशी वेळ येते, की झडण्यास किंवा चिकटण्यास दुसरा इलेक्ट्रॉन वेळेवर भेटतच नाही. तेथून पुढे त्या कणाची स्थिती कायमची ठरली. मग तो पृथ्वीपर्यंत येवो, की शनीच्या पलीकडे जावो. सहा गळाले असतील तर सहाच, सात असतील तर सातच. यानावरील यंत्र अशा कणांची मोजदाद करते आणि त्या प्रमाणावरून किरीटाचा ताव सांगते. मडके निवले, तरी टिचकी खोटे बोलत नाही.

या मोजदादीतून जे निघाले त्याने सर्वांनाच विचारात पाडले. साधी अपेक्षा अशी, की जितका किरीट तापलेला तितका वारा जोरदार. पण उलटे निघाले. जोरदार झोतातील ऑक्सिजन सुमारे दहा-बारा लाख अंशांचा ताव दाखवितो, आणि मंद वाऱ्यातील पंधरा लाख किंवा त्याहून अधिक. म्हणजे वेगवान वारा तुलनेने थंड जागेतून येतो! तेव्हा नुसत्या उष्णतेने उतू जाणे हे पार्कर यांचे कारण खरे असले, तरी पुरे नव्हे. जोरदार झोताला आणखी कोणाचा तरी रेटा मिळत असला पाहिजे. तो रेटा चुंबकीय रेषांतून वर जाणाऱ्या लाटांचा, आणि रेषा तुटून नव्याने जुळताना मोकळ्या होणाऱ्या शक्तीचा असल्याचे आता मानले जाते. पृथ्वीजवळ मोजलेल्या मूठभर कणांनी पंधरा कोटी किलोमीटरांवरील कारखान्याविषयीची आपली समजूत दुरुस्त करविली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तिसरी खूण घटकांची, म्हणजे आपल्या मोहाच्या वासासारखी. लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांच्या अणूंचा पहिला इलेक्ट्रॉन सहज सुटतो. ऑक्सिजन, निऑन यांचा सुटण्यास कठीण. ज्यांचा सहज सुटतो ते कण गोलाच्या लगतच्या थरातच विद्युत्भारित होतात आणि चुंबकीय क्षेत्राकडून आधी वर उचलले जातात. परिणामी कमानींत कोंडलेल्या वायूत लोह, मॅग्नेशियम यांचे प्रमाण मूळ गोलापेक्षा तीनचार पट वाढते. आता गंमत पाहा. मंद वाऱ्यातही हे प्रमाण असेच वाढलेले सापडते. जोरदार झोतात मात्र ते मूळ गोलाच्या जवळपास असते. यावरून मंद वाऱ्याचा बराच भाग कधीतरी बंद कमानींत राहून आलेला आहे आणि कमानीचे तोंड उघडल्यावर बाहेर पडला आहे, असे अनुमान निघते. कोंडलेल्या खोलीतून आलेल्या माणसाच्या कपड्यांना त्या खोलीचा वास लागलेला असतो, तसेच हे.

चौथी खूण ऋतूंची. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. डागांच्या मंदीच्या काळात किरीट सूर्याच्या विषुववृत्ताच्या बाजूंना लांब पसरतो आणि ध्रुवांवर मोठी छिद्रे उघडतात. तेजीच्या काळात तो सर्व बाजूंनी सारखा, एखाद्या फुललेल्या झेंडूसारखा दिसतो. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण अंकोला-रायचूरच्या बाजूने गेले तेव्हा डागांची तेजी होती आणि किरीट असा गोल दिसला. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात मंदी होती आणि तो लांबट दिसला. आता वाऱ्याकडे पाहा. १९९० साली सोडलेले युलिसिस हे यान सूर्याच्या ध्रुवांवरून फिरून आले. १९९४-९५ च्या मंदीत त्याला ध्रुवांवर सर्वत्र सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटरांचा एकसारखा वारा मिळाला आणि विषुववृत्ताजवळ मंद. २०००-०१ च्या तेजीत ते पुन्हा गेले, तेव्हा ही घडी पार विसकटलेली होती. जोरदार आणि मंद वारे सर्वत्र मिसळलेले. ग्रहणात जो आकार डोळ्यांना दिसतो, तोच आकार वाऱ्यात वेगाच्या रूपाने उमटतो.

येथवर आल्यावर कोणी विचारील, की हे सारे ठीक, पण आमच्या घरच्या दिव्याशी याचा संबंध काय? संबंध दिव्याशीच आहे.

नेहमीच्या वाऱ्याखेरीज किरीटातून कधी कधी मोठाले लोट फुटून बाहेर पडतात. असा एक लोट १८५९ साली पृथ्वीवर आदळला. त्या २ सप्टेंबरला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकसूची निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून नोंदविली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे तेथील आडवे बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या सुमारे चार टक्क्यांनी, घसरले होते. त्या महावादळाच्या जगातील मोलाच्या नोंदींत ही कुलाब्याची नोंद गणली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि सूची बिघडवणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागेस हलविण्यात आले, आणि तेथे ते आजतागायत चालू आहे.

१८५९ साली जगात तारयंत्रांखेरीज विजेचे फारसे काही नव्हते. आज तसे नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने हलले, की जमिनीत आणि लांबलचक वीजवाहिन्यांत आगंतुक प्रवाह सुरू होतात. ते रोहित्रांत शिरून त्यांचे कार्य बिघडवतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात याच कारणाने सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फारसे दूर नाही. म्हणून क्युबेकइतके भय आपल्याला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. उगाच घाबरविण्यात अर्थ नाही. परंतु भद्रावतीला या गोष्टीकडे अगदी पाठ फिरवूनही चालणार नाही. दक्षिण भारताची आणि पश्चिम भारताची वीजजाळी एकमेकींच्या तालात नव्हती, त्या काळात त्यांना जोडण्यासाठी एक हजार मेगावॉटचे केंद्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले, ते आपल्याच भद्रावतीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची जाळी उरलेल्या देशाच्या तालात आली आणि सारा देश एका जाळीत गुंफला गेला. जाळी जितकी विशाल, तितका एका ठिकाणचा बिघाड दुसरीकडे जाणवण्याचा संभव अधिक. शिवाय रेडिओसंदेश, उपग्रह आणि त्यांवर चालणारी वाट दाखविणारी यंत्रे यांना तर या वादळांची झळ कोठेही बसते. १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला, म्हणजे वादळाचे तेज हिंदुस्थानच्या आकाशापर्यंत आले होते.

मग आधी कळते किती? छिद्रांतून येणाऱ्या झोतांचे आगमन दोनतीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. छिद्र टिकले, तर २७ दिवस आधीही. लोट सुटलेला दिसला, की तो केव्हा पोचेल याचा अंदाजही करता येतो. पण वादळ किती जबर होईल हे त्या लोटातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले आहे की उत्तरेकडे, यावर ठरते. दक्षिणेकडे वळलेले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते आणि दार उघडते. उत्तरेकडे वळलेले बहुधा बाजूने निघून जाते. ही दिशा दूरून पाहून भरवशाने सांगता येत नाही. वारा प्रत्यक्ष हाती यावा लागतो.

म्हणून पृथ्वीच्या पंधरा लाख किलोमीटर पुढे, सूर्याच्या बाजूला, पहारा बसविलेला आहे. वारा तेथे पोचल्यापासून आपल्यापर्यंत येण्यास अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच सूचना. त्या पहाऱ्यावर आता भारताचेही यान आहे. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोचले. त्यावरील एक उपकरण चंद्राऐवजी एक लहान तबकडी सूर्यापुढे धरून किरीट पाहते. जणू रोजचेच ग्रहण. पुण्याच्या आयुका संस्थेत घडविलेली दुर्बीण सूर्याचे अतिनील किरणांतले रूप टिपते. अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरम येथील संस्थांची उपकरणे वाऱ्याचे कण मोजतात, आणि चुंबकमापक त्याच्या क्षेत्राची दिशा पाहतो. एकाच यानात आव्याकडे पाहणारा डोळाही आहे आणि मडक्याला टिचकी मारणारे बोटही.

आणि तळणीच्या त्या शलाकेचे काय झाले? युजीन पार्कर यांचेच नाव दिलेले एक यान २०१८ साली सूर्याकडे निघाले. एप्रिल २०२१ मध्ये ते प्रथमच किरीटाच्या सीमेच्या आत शिरले, आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरांवरून गेले. ॲनीबाईंची शलाका जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब होती. म्हणजे वऱ्हाडातल्या एका लहान स्टेशनापाशी दोन मिनिटांत काचेवर जी रेषा उमटली, तिच्या टोकाच्याही आत आता माणसाने बनविलेले यंत्र जाऊन आले.

पण तेथे रोज जाणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. किरीट रोज आपल्याकडे येतो आहे. आपण येथे सभेत बसलो आहोत तेव्हाही तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला वळसा घालून चालला आहे, आणि ज्या ठिकाणाहून तो निघाला तेथील ताव, तेथील दार उघडे होते की बंद, तेथील द्रव्याचा वास, सारे बरोबर घेऊन आला आहे. वाचणारा हवा. अलिबागच्या सूचीजवळ बसून नोंदी ठेवणाऱ्यांपासून आदित्याच्या उपकरणांपर्यंत ती वाचणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. या सभेला आलेल्या मुलामुलींपैकी कोणाला पुढे त्या रांगेत उभे राहावेसे वाटले, तर त्याने आरंभ दूर कोठे न करता येथेच करावा : उद्या पहाटे वारा सुटला, की तो कोणत्या वाटेने आला हे ओळखून पाहावे.